तेयुनाला वाटाड्या का लागतो?

गौताळ्याच्या जंगलात, अंतूरला किंवा वेताळवाडीच्या किल्ल्यावर माझ्यासोबत चालणारी मंडळी कोलंबियातल्या तेयुना या प्राचीन नगराचा विषय निघाला की हमखास एकच प्रश्न विचारतात : "वाट चांगली मळलेली आहे म्हणता, मग गाईडची सक्ती कशासाठी? आपल्याला आपलं जाता येत नाही का?" प्रश्न रास्त आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत पाय तयार झालेली आपण माणसे पाठीवर सॅक टाकतो, पायथ्याच्या गावात कुणाला तरी वाट विचारतो आणि चालू लागतो. सोबत नेमलेला माणूस असलाच पाहिजे, ही अट आपल्याला जाचक वाटणारच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिउदाद पेर्दिदा या स्पॅनिश नावाने जगाला माहीत असलेले हे प्राचीन नगर कोलंबियाच्या उत्तरेला, सिएरा नेवादा दे सांता मार्ता या पर्वतात आहे. कॅरिबियन किनाऱ्यापासून जेमतेम ४२ किलोमीटरवर या पर्वताची शिखरे ५,७०० मीटरपर्यंत चढतात. समुद्राच्या इतक्या जवळ इतका उंच पर्वत जगात दुसरा नाही, असे मानले जाते. त्याच्या उतारावर, बुरिताका नदीच्या वर, ९०० ते १,२०० मीटर उंचीवर तायरोना लोकांनी इसवी सन ८०० च्या सुमारास हे नगर वसवले. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले, म्हणजे दोन्ही कामांत फार तर पिढी-दोन पिढ्यांचे अंतर. पेरूतले माचू पिचू मात्र तेयुनानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी उभे राहिले. स्पॅनिश आक्रमणाच्या धामधुमीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, नगर ओस पडले आणि जंगलाने ते झाकून टाकले. आज तिथे मोटारीचा रस्ता नाही. जाऊन-येऊन ४५ किलोमीटरच्या आसपास चालायचे, बहुतेक लोक त्याला चार दिवस घेतात, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या वाटाड्याशिवाय कुणालाही वर सोडत नाहीत.

आता वाटेविषयी. चुकावे असे त्या वाटेत फारसे काही नाही. खालच्या भागात खेचरांच्या ये-जा करण्याने ती रुंद झाली आहे, मुक्काम ठरलेले आहेत, पुढेमागे दुसरे गट चालत असतात. अंतूरच्या जंगलात पावसाळ्यात वाढलेल्या गवतातून वाट काढणाऱ्याला हे सगळे सोपेच वाटेल. चढ मात्र दमवणारे आहेत, दमट हवेत अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि नदी ओलांडताना पाण्याचा जोर सांभाळावा लागतो.

आमचा वाटाड्या विवा या तिथल्या आदिवासी समाजाचा होता. एका वळणावर समोरून कोगी या शेजारच्या समाजाचे दोन पुरुष आले. अंगात जाड्याभरड्या सुताचे पांढरे कपडे, खांद्यावरून आडव्या टाकलेल्या विणलेल्या झोळ्या. या झोळीला तिथे मोचिला म्हणतात आणि ती बायका विणतात. वाटाड्याने आम्हाला हाताने थांबवले आणि कॅमेरे आत ठेवायला सांगितले. मग तो पुढे झाला. त्याने आपल्या झोळीतली कोकाची वाळलेली पाने मूठभर काढून समोरच्याच्या झोळीत टाकली, समोरच्याने आपली पाने याच्या झोळीत टाकली. तिथल्या पुरुषांची भेटल्यावर रामराम करण्याची रीत हीच. मग त्यांतल्या थोरल्याने आपला पोपोरो हातात घेतला. हा दुधी भोपळ्यासारखा पोकळ भोपळा असतो आणि त्यात समुद्रावरचे शिंपले भाजून केलेला चुना असतो. आपल्याकडे पानाला चुना लागतो तसा त्यांना कोकाच्या पानाला लागतो. काडी आत बुडवून त्यांनी चुना तोंडात घेतला आणि ओली काडी भोपळ्याच्या तोंडाशी सावकाश घासत राहिले. वर्षानुवर्षे घासून तिथे पिवळसर पुटांचे जाड कडे तयार झालेले दिसत होते. कोगी मानतात की माणूस आपले विचार या कड्यावर नोंदवीत असतो. तिघांचे बराच वेळ हळू आवाजात बोलणे झाले, आणि मगच वाटाड्याने आम्हाला चला म्हणून खूण केली. वाट दाखवणे हा त्याच्या कामाचा सर्वांत लहान भाग होता, हे मला तिथे उमगले. आम्ही ज्यांच्या दारातून जात होतो त्यांना तो आमची ओळख देत होता आणि आमच्या वागण्याची हमी घेत होता.

हे दार कुणाचे, हा या प्रश्नाचा गाभा आहे. कोगी, विवा, आर्वाको आणि कांकुआमो हे चार समाज या पर्वतात राहतात आणि तायरोनांचा वारसा आपला मानतात. सिएरा हे जगाचे हृदय आहे, त्याची काळजी वाहणारे आपण थोरले भाऊ आणि बाकीचे सगळे जग धाकटे, अशी कोगींची धारणा आहे. पर्वताच्या पायथ्याभोवती पवित्र स्थळांना जोडणारी जी सीमा ते मानतात, ती 'काळी रेषा' कोलंबियाच्या सरकारने २०१८ च्या आदेशात मान्य केली होती. या चार समाजांच्या ज्ञानपरंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही स्थान मिळाले. तेयुनात त्यांचे मामो, म्हणजे धर्मगुरू, आजही विधी करतात आणि त्यासाठी दरवर्षी सप्टेंबरात पर्यटकांना वाट बंद असते. एरवी आपण ज्याला 'अवशेष' म्हणतो, ते त्यांच्या लेखी नांदते ठिकाण आहे.

आणि ही जागा 'सापडली' कशी, तेही ऐका. १९७२ मध्ये थडगी उकरून सोने विकणाऱ्या सेपुल्वेदा कुटुंबाच्या हाती दगडी पायऱ्या लागल्या. पाठोपाठ दुसऱ्या टोळ्या आल्या, आपसांत मारामाऱ्या झाल्या, आणि तायरोनांच्या सोन्याच्या मूर्ती व मातीचे कलश चोरबाजारात दिसू लागले. त्या मालाचा माग काढत १९७६ मध्ये पुरातत्त्वज्ञ वर पोचले. आदिवासींनी नंतर सांगितले की जागा त्यांना पहिल्यापासून माहीत होती आणि तिथे त्यांचे येणे-जाणेही होते. ते फक्त गप्प राहिले होते. ही हकिगत आपल्याला परकी वाटू नये. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी 'शोधली' असे आपण शाळेत शिकलो. वाघूरच्या घळीत गुरे राखणाऱ्यांना ती ठाऊकच होती. स्मिथने दहाव्या लेण्यातल्या चित्रांवर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली, आणि ती आजही तिथे आहे. बरोबर हटकणारा कुणी नसला म्हणजे पाहुणा काय करतो, त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. सक्तीबद्दल कुणी नाराजी दाखवली की मला त्या दहाव्या लेण्याची आठवण होते.

वाटाड्या नसता तर मला तेयुनात काय पाहायचे हेही कळले नसते. बुरिताका ओलांडून बाराशेच्या आसपास अरुंद, शेवाळलेल्या पायऱ्या चढल्या की हिरवळीने झाकलेले गोल चौथरे एकावर एक दिसू लागतात. उभी भिंत नाही, शिखर नाही, कोरीव खांब नाही. वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना पहिल्या क्षणी हे एवढेच का, असे वाटू शकते. आमच्या वाटाड्याने आम्हाला एका चौथऱ्याच्या कडेला वाकून पाहायला लावले. चुना किंवा माती न वापरता दगडावर दगड बसवून ताल बांधलेली, वर फरशा, आणि फरशांचा उतार असा राखलेला की पावसाचे पाणी खालच्या घराच्या जोत्यावर न पडता पायऱ्यांनी आणि चरांनी बाजूला निघून जावे. असे दीडशेहून अधिक चौथरे आहेत. त्यांवर लाकडाची, गवताने शाकारलेली गोल घरे होती आणि ती काळाबरोबर गेली. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही पुष्कळदा दगा देतो. त्या डोंगरावर त्याच्या कित्येक पट पडतो. आपला सगळा इतिहास पाणी अडवण्याचा, तर त्यांचे सगळे शहाणपण पाणी वळवण्याचे. चारशे वर्षे कुणी डागडुजी केली नाही, झाडांची मुळे शिरली, चोरांनी खणले, तरी पुष्कळ ताली जागच्या हलल्या नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडच्या नव्या रस्त्यांची गत पाहणाऱ्या माणसाने तिथे बराच वेळ घालवावा, मी तरी घालवला.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण घरचे लोक तोच आधी विचारतात. सप्टेंबर २००३ मध्ये एका बंडखोर गटाने इथून आठ परदेशी पर्यटकांचे अपहरण केले होते आणि शेवटच्यांची सुटका व्हायला तीन महिने लागले. २००५ पासून वाट पुन्हा सुरू झाली. वर सैन्याची चौकी आहे, आणि एकेकाळी गांजा व कोका पिकवणारी वाटेवरची अनेक शेतकरी कुटुंबे आता पर्यटकांच्या मुक्कामांवर आपले घर चालवतात. वाटाड्याच्या सक्तीला पैसे काढण्याचा उद्योग म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की आपले पैसे जातात ते बऱ्याच अंशी या घरांत, आणि मला ते योग्य वाटते.

मग आपल्याकडेही सक्ती करावी का? तसे माझे म्हणणे नाही. पितळखोऱ्याची लेणी घडवणाऱ्यांचे, तिथे राहिलेल्या भिक्षूंचे आणि खांबासाठी दान देणाऱ्या पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे वंशज आज त्या दरीत जागेवर हक्क सांगायला उभे नाहीत. पण लेण्यांच्या आसपासच्या वस्त्यांत गुरे चारणारी माणसे आहेत, ओढ्याला पाणी केव्हा चढते हे त्यांना कळते, आणि आपण मागे टाकलेला कचरा त्यांच्याच गुरांच्या पोटात जातो. तेयुनाहून आल्यापासून मी तिथे गावातला माणूस सोबत घेतो, त्याला त्याच्या दिवसाची मजुरी देतो आणि तो म्हणेल तिथून परत फिरतो.

ज्यांना खरेच तेयुनाला जायचे आहे त्यांनी सप्टेंबर टाळावा. डिसेंबर ते मार्च त्यातल्या त्यात कोरडे असते. पिवळ्या तापाची लस प्रवासाला निघण्यापूर्वी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात घ्यावी आणि तिचे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे, कारण ते नसेल तर परतल्यावर भारतातच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. आणि नोंदणी करताना वाटाड्या विवा किंवा कोगी समाजाचा मिळेल का, हे अवश्य विचारावे. तो बहुधा स्पॅनिश बोलतो, पण सोबत दुभाष्या मिळतो.