घोडबंदरचा चौदावा मजला आणि टोकन परत यायचे बावन्न दिवस

टोकनचे, म्हणजे बुकिंगसाठी आगाऊ दिलेले, पैसे परत आले, पण राग अजून गेलेला नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडला नवीन घर बघणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढतेय.

आम्ही कळव्यात भाड्याने राहतो. दोघांच्या नोकऱ्या आणि मुलगी दुसरीत. नौपाडा, पाचपाखाडी आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून कासारवडवलीच्या पुढे, गायमुखच्या बाजूला बघायला लागलो. सहा साइट बघितल्या. लोन किती मिळेल ते बँकेने आठवड्याभरात सांगितलं.

यंदा पाडव्याला आम्ही सासूबाईंना घेऊन सातव्या साइटवर गेलो. सात स्लॅब टाकून झाले होते. सेल्सच्या मुलाने चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट सुचवला आणि तिथून येऊरचा डोंगर कसा दिसेल, तो ड्रोनने काढलेला फोटो टॅबवर दाखवला. सासूबाईंनी तो दोनदा मागून बघितला. मग तो म्हणाला, "ताई, आजच्या आज टोकन टाकलं तर फ्लोअर राइज माफ. उद्या हा रेट मिळणार नाही." फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा दर. सणाचा दिवस, घरातली सगळी सोबत. मी यूपीआयने एक लाख पाठवले आणि एका फॉर्मवर सही केली. फॉर्म मी पूर्ण वाचला नाही. ही माझी चूक होती.

रात्री मुलगी झोपल्यावर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट उघडली. प्रकल्पाचा नोंदणी नंबर ब्रोशरवर होताच. आता जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो, त्यामुळे शोधायला काही लागत नाही. कागदपत्रांत सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची पालिकेची परवानगी, उघडून बघितली. ती अकराव्या मजल्यापर्यंतच होती आणि आमचा मजला चौदावा. म्हणजे जो मजला बांधायला अजून परवानगीच नाही, त्याचं टोकन मी दिलं होतं.

मी तोपर्यंत समजत होते की सीसी एकदाच मिळते. तसं नसतं. बिल्डर वरच्या मजल्यांसाठी टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) किंवा प्रीमियम भरून एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, आणतो, सुधारित नकाशे मंजूर करून घेतो, तशी सीसी टप्प्याटप्प्याने वर सरकते. यात बेकायदा काही नाही. पण ते मला टोकन घेण्याआधी सांगायला हवं होतं. सोमवारी फोन केला तर उत्तर आलं, "दोन महिन्यांत येईल ताई, फाइल टेबलावर आहे." हेच लिहून द्या म्हटल्यावर "तसं देत नाही आम्ही". बँकेच्या माणसाला विचारलं. त्याने सांगितलं, त्या मजल्याची सीसी हातात येईपर्यंत पैसे सोडता येणार नाहीत. आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि सहाव्या दिवशी बुकिंग रद्द करायचा मेल टाकला.

आणि इथून खरा त्रास सुरू झाला.

मेलला उत्तर नाही. पाडव्याला पाणी, सरबत विचारणारा तो मुलगा फोन उचलेना. ऑफिसला फोन केला की "सीआरएम टीमशी (ग्राहकांचं बघणारी टीम) बोला", सीआरएमवाले म्हणाले "अकाउंट्सला पाठवलंय", अकाउंट्सवाले म्हणाले "आमच्याकडे काहीच आलेलं नाही". शेवटी एक बाई म्हणाल्या, "मॅडम, फॉर्मवर तुमची सही आहे, टोकन नॉन-रिफंडेबल आहे." फॉर्म काढून बघितला तर मागच्या पानावर तळाला, बारीक अक्षरात, खरंच तसं छापलेलं होतं.

त्या रात्री मी महारेराचं नमुना अलॉटमेंट लेटर, म्हणजे फ्लॅट आपल्या नावे दिल्याचं बिल्डरचं पत्र, शोधून वाचलं. ते प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचावं असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे. त्यात लिहिलंय की अलॉटमेंट लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर एक रुपयाही कापायचा नाही. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. आणि रद्द केल्याचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत पैसे परत, नाहीतर पुढे व्याजासकट. आम्हाला तर अलॉटमेंट लेटर दिलंच नव्हतं, म्हणजे पंधरातला पहिला दिवससुद्धा उजाडलेला नव्हता!

मग बाराव्या दिवशी हाफ डे टाकून पत्र घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. दोन प्रती. एक त्यांना, एकीवर मला पोच हवी. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ठेवून जा, मी देते आत." मी म्हटलं, शिक्का मारून द्या. "शिक्का सरांकडे आहे." सर कुठे आहेत? "मीटिंगमध्ये." मी समोरच्या सोफ्यावर बसले. समोर डोंगराचा तोच फोटो, सात फुटी, लावलेला. मधल्या वेळात दोन जोडपी आली, त्यांना तोच टॅब आणि तोच फोटो दाखवला गेला. दुसऱ्या जोडप्यातली मुलगी माझ्याजवळ बसली तेव्हा मी तिला हळूच सांगितलं, सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते विचार. तिने मोठ्याने विचारलं. पुढच्या पाच मिनिटांत सर मीटिंगमधून बाहेर आले आणि माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख सगळं मिळालं. दीड तास लागला. तो कागद मी अजून लॅमिनेट करून ठेवलाय.

त्यानंतर दर आठवड्याला एक मेल, पोचेचा फोटो जोडून. कधी "चेक साइनला गेलाय", कधी "मार्च एंडचं ऑडिट". पत्राची पोच मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवस संपले. सेहेचाळिसाव्या दिवशी मी लिहिलं की आता ५००० रुपये फी भरून महारेराकडे तक्रार करतेय, आणि तक्रारीचा मसुदाच जोडला. बावन्नाव्या दिवशी दुपारी ऑफिसात असताना मेसेज आला, एक लाख जमा. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. त्या पैशांत मुलीच्या शाळेची फी होती.

आता जे आठवतंय ते सांगते. टोकन देण्याआधी अलॉटमेंट लेटरचा मसुदा मागा. आणि करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तो रेराच्या कायद्याचा १३ वा कलम आहे. आम्हाला एकीकडे "आधी वीस टक्के भरा, रजिस्ट्रेशन नंतर बघू" असंही सांगितलं होतं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा. एका ठिकाणचा पलंग मी मोजला, साडेपाच फुटांचा निघाला. त्यामुळेच खोली मोठी वाटत होती. बेडरूमला दारही नव्हतं. कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, विचाराल तेव्हा रेरा कार्पेटच विचारा, त्यात बाल्कनी धरत नाहीत. तोंडी सांगितलेल्या आकड्यात बाल्कनी मिसळलेली असते.

साइट रविवारी बघू नका. आम्ही पुढची एक साइट सोमवारी सकाळी साडेआठला तिथून ठाणे स्टेशनला येऊन बघितली आणि त्या दिवशी ऑफिसात लेट मार्क लागला. रविवारी तेच अंतर पंचवीस मिनिटांत झालं होतं. मेट्रोची कामं, अवजड गाड्या, गायमुख घाट, सगळं रोज सोसावं लागणार आहे.

शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनकाकांशी बोला. एका ठिकाणी काकांनी टँकरची वहीच दाखवली, उन्हाळ्यात दिवसाला चार-चार नोंदी. सेल्सवाला म्हणत होता "चोवीस तास पाणी".

हिशेबही स्वतः करा. करार ६० लाखांचा असेल तर बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले जवळजवळ ६७ लाख. करार ५० लाख किंवा त्याहून वरचा असेल तर बिल्डरला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) आपणच कापून भरायचा, हेही कुणी आपणहून सांगत नाही. ओसी, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही.

म्हणूनच आता ओसी आलेली एक इमारत बघतोय, कासारवडवलीच्या अलीकडे. तिसरा मजला, डोंगर दिसत नाही. ओसीची प्रत मागितली, त्यांनी लगेच दिली. यादीत तिसरा मजला कुठे लिहिलाय ते मी सासूबाईंना बोटाने दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "हं, आता नळ सोडून बघ." किचनमधला नळ सोडला. पाणी आलं. पुढच्या सोमवारी सकाळी साडेआठला तिथून स्टेशनला निघून बघणार आहोत.