आमची वाटचाल आणि त्या एका परवानगीची भानगड

राजारामपुरीत टॅटूचा स्टुडिओ टाकला तेव्हा एक कॉइल मशीन (टॅटूची जुनी, चुंबकावर चालणारी), चायना पॉवर सप्लाय आणि एक पेडल, ते पण मधेच अडकायचं. मग मोटरवर चालणारी रोटरी मशीन आली, चित्राचा छाप काढायला स्टेन्सिलचा थर्मल प्रिंटर आला, वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह घेतला, पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2019 च्या टॅटू शोचं, कारण त्यात आम्ही बुडायचे बाकी होतो आणि कोल्हापुरात अजून लोक म्हणतात यांना परवानगी मिळाली ती वशिल्यानं. कसला वशिला राव!

आयडिया साधी होती. एक हॉल, दोन दिवस, पुण्याचे-गोव्याचे आर्टिस्ट, लाईव्ह टॅटू, स्पर्धा. हॉलला ॲडव्हान्स दिला, स्टॉलचे पैसे घेतले आणि मग परवानगीला निघालो. पोलीस म्हणतात आधी फायरचं ना-हरकत आणा, फायरवाले म्हणतात हॉलचं स्वतःचं चालू आहे का ते बघा, वाहतुकीला पार्किंगचा नकाशा पाहिजे, स्पीकरचा अर्ज वेगळा, गाणी लावायची तर त्याचं लायसन अजून वेगळं. हे ऑर्केस्ट्रालाही लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलं आरोग्यावर. टॅटूसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, त्यामुळे फाईल कुठल्या टेबलावर जाणार हेच कुणाला माहीत नाही. एक साहेब म्हणाले ब्युटी पार्लरमध्ये मोडतं, दुसरे म्हणाले सुई म्हटली की दवाखाना, तुमचा डॉक्टर कोण? आणि जत्रेत बघा, बॅटरीवर मशीन लावून एकाच सुईनं रांगेत सगळ्यांना बदाम गोंदतात, शाईची वाटी तीच, पुसायचं फडकं तेच, त्यांना कोण कागद मागतो का? आम्ही प्रत्येकाला नवीन कार्ट्रिज, म्हणजे एकदाच वापरायची सीलबंद सुई, फोडतो, म्हणून आम्हालाच फाईल.

एक सांगून ठेवतो, कुठलाही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. पोच नाही म्हणजे अर्ज नाही.

त्यातच आमच्याच लाइनीतल्या एका महाशयांनी निनावी अर्ज टाकला. निनावी कसला, अक्षर मी रोज बघितलेलं, माझ्याकडेच शिकून गेलेला पोरगा, शेडिंगला मॅग्नम, म्हणजे रुंद सुयांचा संच, कुठल्या अँगलनं धरायचा ते यानं माझ्या टेबलावर बघितलं. अर्जात एड्स, कावीळ, नशापाणी, पोरी बिघडणार, सगळं होतं. झालं, फाईल बाजूला. दोन आर्टिस्टनी तिकिटं रद्द केली, स्टॉलवाले पैसे परत मागायला लागले, त्यांना द्यायला माझ्या चांगल्यातल्या मशीन विकल्या. ते अजून डोक्यातून जात नाही.

इथं लॅबवाले काका आले. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पन्नाशीत पहिल्यांदा आले ते दंडावर जोतिबाचा घोडा काढायला, तेव्हापासून दर दसऱ्याला काहीतरी असतंच, आणि कार्ट्रिजचं पाकीट मला फोडू देत नाहीत, एक्सपायरी वाचून स्वतः फोडतात. काका म्हणाले, "अरे, साहेबाला सुईची भीती नाही, सुई नंतर जाते कुठं त्याची आहे." मग बायोमेडिकल कचऱ्याच्या 2016 च्या नियमाप्रमाणे सगळं त्यांनीच लिहून काढलं: सुया पांढऱ्या जाड डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल. आमच्या स्टुडिओवर कचऱ्याची गाडी यायची, पण हॉलच्या पत्त्यावर उचलणार म्हणून वेगळं पत्र लागतं हे मला कुठं माहीत! ते त्यांनी आणून दिलं. सोबत अठराच्या खाली कुणाला करणार नाही असं हमीपत्र.

मग मी मशीनच घेऊन गेलो आरोग्याच्या साहेबांच्या टेबलावर. कार्ट्रिज फोडलं, सुईमागचा तो बारीक रबरी पडदा दाखवला, शाई-रक्त मागं मशीनमध्ये जात नाही ते याच्यामुळं. साहेबांनी चष्मा वर करून दोनदा सुई आतबाहेर केली. नंतर म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" आधी खुर्चीत कोण सापडलं होतं!

मधे एक पुढारी म्हणाले, सोबत रक्तदान शिबिर ठेवा, परवानगी लगेच मिळते. काका एवढे हसले. टॅटू केल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत हो, एका दारानं आत आणि दुसऱ्या दारानं परत.

परवानगी आली ती आदल्या संध्याकाळी, स्टेजवर टॅटू नाही, आडोसा करून करायचे, स्पीकर दहाला बंद, अशा अटींवर. आडोशाला मंडपवाल्याचे पडदे रातोरात लावले. गर्दी झाली. आणि ते अर्जवाले महाशय दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आले, सगळ्या स्टॉलवर फिरून फोटो काढून गेले, वर मला म्हणाले छान केलंस. मी चहा दिला, काय करणार.

पुढच्या शोला स्टॉल पाहिजे असेल तर आधीच सांगतो, कार्ट्रिज आपापलं, पांढरा डबा आम्ही देतो. आणि सुई स्पिरिटमध्ये बुडवून स्टराईल म्हणणाऱ्यांनी कृपा करून फोन करू नये.