आग लागंल तवा लागंल, पाणी रोज लागतंय

2023 चा जून. 20 तारीख उलटली तरी लातूरकडे पावसाचा पत्ता नव्हता आणि मी एका छोट्या हॉस्पिटलात बी फॉर्मच्या तपासणीला गेलेलो. बी फॉर्म म्हणजे आगीची यंत्रणा चालू आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, 2006 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा लागतं, जानेवारीत आणि जुलैत. 2021 मध्ये भंडाऱ्याला हॉस्पिटलच्या आगीत 10 बाळं गेली, तेव्हापासून मी हॉस्पिटलच्या फॉर्मवर डोळे झाकून सही करत नाही.

अलार्मचं पॅनेल ठीक, आग विझवायचे सिलिंडर ठीक, होज रील म्हणजे भिंतीवरची पाण्याच्या पाईपची गुंडाळी उघडली तर नुसती फुस्स. पंप लगेच बंद केला, नाहीतर कोरडा फिरून जळला असता. खाली हौदाचं झाकण उचललं. मधे भिंत, दोन कप्पे, एक आगीचा 50,000 लिटरचा, दुसरा वापराचा, आणि दोन्हीत तळाला घोटाभर पाणी. टॉर्च मारला तर मधल्या भिंतीला अगदी खाली भोक पाडून पाईप टाकलेला, म्हणजे आगीचं पाणी सरळ वापरात!

बांधकामाच्या नियमांच्या कोडमधे उलटं आहे. पाणी आधी आगीच्या कप्प्यात पडायचं, तो भरला की वरून सांडून वापराच्या कप्प्यात जायचं, म्हणजे साठा कायम आणि पाणीही ताजं. कागदावर झकास आहे, पण नळाला रोज पाणी येणाऱ्या गावासाठी. इथं तेव्हा नळ दहाव्या दिवशी, बाकी सगळं टँकरवर. 2016 ला याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं, तिथल्या माणसाला 50,000 लिटर नुसतं बघत बसा म्हणून कसं सांगणार?

प्लंबर मामांना विचारलं, भोक कुणी पाडलं? म्हणाले, "मीच की सायेब. आग लागंल तवा लागंल, पाणी रोज लागतंय. वर बाळंतिणी हायत." मला राग आलेला पण उत्तर काही सुचेना.

डॉक्टर म्हणाले, आता सही करा, पाऊस आला की भरून घेऊ. नाही म्हटलं. मग ते चिडले, बरोबरच आहे, 50,000 लिटर म्हणजे 10,000 चे पाच टँकर आणि वापराच्या कप्प्यात त्यातलं थेंबभर नाही. तासभर चहावर चहा झाले, आणि मामांनीच मधेच विचारलं की गच्चीचं पाणी कुठं जातं. गटारात! गच्ची साधारण 4,000 चौरस फूट, 100 मिमी पाऊस झाला तर 37,000 लिटर होतात, मी मोबाईलवर दोनदा गुणाकार केला.

मग ठरलं असं, भोक काँक्रीटने बुजवायचं, गच्चीचे पाईप जाळी-फिल्टर लावून थेट आगीच्या कप्प्यात सोडायचे, टँकरही त्याच झाकणातून ओतायचा म्हणजे पाणी वरून सांडत बदलत राहील, सडणार नाही, आणि वापराला बाहेर 5,000 ची वेगळी प्लास्टिकची टाकी. झाकणाला बारीक जाळी, नाहीतर डासांच्या अळ्या म्हणून पालिकेची नोटीस. पहिले पाच टँकर मात्र आत्ताच घ्यायचे, यावर मी हललो नाही. डॉक्टरांनी तीन आणि दोन असे दोन हप्त्यात घेतले. तोवर मजल्यावर जादा सिलिंडर आणि रात्रीला एक माणूस, एवढं लिहून घेतलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत गेलो तेव्हा पाऊस नुकताच सुरू झालेला आणि हौद काठोकाठ. पंप चालू केला, रील उघडली, पाणी असं सुटलं की पाईप हातातून निसटता निसटता राहिला. मी नोझल गटाराकडे वळवणार तेवढ्यात मामा मोठा निळा ड्रम ओढत आले. "ह्यात सोडा सायेब." ड्रम भरेपर्यंत तसाच उभा राहिलो, वरून पाऊस, आणि मामा म्हणे अजून एक ड्रम हाय.