गाडी खाली केली, मग काट्यावर कशाला चढवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. शब्द दर वेळी वेगळे असतात, प्रश्न तोच: "कोइलओव्हर घातले, अलाइनमेंट करून घेतलं, गाडी सरळ चालते. मग कॉर्नर बॅलन्सिंगवर आणखी काहीशे डॉलर कशाला घालायचे?" इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात, मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी, नुकतीच जुनी मियाता, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेतलेली मुलं विचारतात. पुण्याचा माझा फोक्सवॅगन पोलोवाला भाचा तर फोनवर हेच विचारत असतो.

कोइलओव्हर म्हणजे रिंग फिरवून उंची कमी-जास्त करता येते असे स्प्रिंग-शॉक, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन लावणं, आणि कॉर्नर बॅलन्सिंग म्हणजे चारही चाकं चार वजनकाट्यांवर ठेवून त्यांच्यावरचा भार जुळवणं. उत्तर आधीच देऊन टाकते. प्रत्येक कोपऱ्याची उंची वेगळी लावता येईल असे स्प्रिंग तुम्ही घातले असतील, तर कॉर्नर बॅलन्सिंग केल्याशिवाय ते काम पुरं झालं असं म्हणता येत नाही. कंपनीच्या मूळ स्प्रिंगवर असलेल्या गाडीला मात्र त्याच्या वाटेला जायची गरज नाही. तिथे फिरवण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे काट्यावर चढवलीत तरी नुसते आकडे बघून परत यावं लागेल.

आता कारण. चार पायांच्या टेबलाचा एक पाय जरासा लांब असला की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर पडतो, उरलेले दोन नुसते टेकलेले राहतात. गाडीत नेमकं हेच होतं. फक्त मधे स्प्रिंग असल्यामुळे ती डुगडुगत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कोइलओव्हरच्या आट्यांवर स्प्रिंग ज्या रिंगवर बसते ती रिंग वर चढवली, की तो पाय लांब झाला असं समजा. पुढच्या डाव्या कोपऱ्यात रिंग चढवलीत तर वजन पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर वाढतं, दुसऱ्या तिरक्या जोडीवरचं तेवढंच कमी होतं. कोइलओव्हर बसवताना आपण टेपने फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, उंची मोजतो, चारही बाजू सारख्या करतो आणि समाधान मानतो. पण वीस वर्षं जुन्या गाडीचे फेंडर चारही बाजूंना सारखे असतातच असं नाही, आणि टेपला वजन कळत नाही.

माझी गाडी 2001 ची मियाता, म्हणजे दुसऱ्या पिढीची. पहिली पिढी माझदाने 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली होती. दोन्ही पिढ्यांना चारही चाकांवर डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन हात, आहेत, आणि म्हणूनच या गाडीत लावण्या-बदलण्यासारखं इतकं काही आहे. मी आत बसलेली आणि टाकी अर्धी भरलेली असताना काट्यावर आलेले आकडे, पौंडांचे किलो करून, असे होते: पुढचं डावं 312, पुढचं उजवं 264, मागचं डावं 268, मागचं उजवं 276. एकूण 1120. आता पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज करा: 532. एकूण वजनाच्या साडेसत्तेचाळीस टक्के. ही तिरकी बेरीज म्हणजे क्रॉस वेट, आणि दोन्ही बाजूंना वळणाऱ्या ट्रॅकवर ती पन्नास टक्के असायला हवी. त्यासाठी या जोडीला 28 किलो जास्त हवे होते.

रिंगा फिरवून झाल्यावर आकडे झाले 298, 278, 282 आणि 262. एकूण तेच 1120, पण तिरकी बेरीज बरोबर 560. या दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहून बघा. पुढच्या दोन चाकांची बेरीज आधीही 576 होती, नंतरही 576. डाव्या बाजूची आधी 580, नंतर 580. रिंग फिरवून पुढचं वजन मागे जात नाही की डावीकडचं उजवीकडे जात नाही. बदलतो तो फक्त तिरका हिशेब. चारही आकडे सारखे करायचे असं मनात धरून बरेच जण येतात. ते स्प्रिंगने होणार नाही, त्यासाठी वस्तूंची जागा हलवावी लागते. माझदाने बॅटरी मागे डिकीत, उजव्या बाजूला ठेवली आहे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे इथे तिचा दुहेरी फायदा होतो.

हे 28 किलो जाणवतात का? जाणवतात, आणि कुठे ते नेमकं सांगता येतं. आमच्याकडचा लगुना सेकाचा ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे डावी वळणं जास्त. माझ्या गाडीत पुढची उजवी-मागची डावी जोडी हलकी होती. अशी गाडी डाव्या वळणात शेपूट सोडू बघते आणि उजव्या वळणात नाक बाहेर काढते. तिथल्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणांत तर आधी डावं आणि लगेच उजवं वळण, तेही सुमारे अठरा मीटर खाली उतरत. एकाच उतारावर गाडी दोन वेगवेगळ्या स्वभावांनी वागायची. मी स्टेअरिंगने सांभाळून घ्यायचे, आणि सांभाळण्यात लक्ष गेलं की रेषा चुकायची. ब्रेकवरही तेच. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, आणि पुढच्या उजव्या चाकावर डाव्यापेक्षा 48 किलो कमी असल्यावर आधी लॉक होणार ते तेच. काट्यावरून उतरल्यावर हा फरक 20 किलोवर आला. आता डावीकडे वळताना जे हात करतात तेच उजवीकडे वळताना करतात. मला यातलं सुख शब्दांत पकडता येत नाही, पण ट्रॅकवर नेणाऱ्या प्रत्येकाला ते मिळावं असं मनापासून वाटतं.

अमेरिकेतली नॅसकारची ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरची, शर्यत कधी बघितलीत तर पिटमध्ये, म्हणजे गाड्या मधे थांबतात तिथे, एक जण मागच्या काचेतून लांब पाना घालून काहीतरी फिरवताना दिसेल. तो हेच करत असतो. त्यांना फक्त डावीकडेच वळायचं असतं, म्हणून ते क्रॉस वेट मुद्दाम पन्नासवर ठेवत नाहीत. शर्यत चालू असताना, टायर आणि ट्रॅक जसे बदलतील तसे, ते हा आकडा बदलत राहतात. त्याला ते वेज म्हणतात. पानाच्या एखाद्या फेरीसाठी ते थांबतात, यावरून त्या फेरीची किंमत ओळखा.

आता काम कसं करून घ्यायचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

जमीन आधी. गॅरेजची फरशी सपाट दिसते, पण पाण्याला वाट मिळावी म्हणून तिला बहुतेक वेळा उतार दिलेला असतो. चारही काटे एका पातळीत नसतील तर तीन-चार मिलिमीटरनेही आकडे कित्येक किलोंनी खोटे पडतात. चांगला माणूस लेझर किंवा पाण्याची नळी लावून काट्यांखाली पातळ पत्रे सरकवतो. तो हे करताना दिसला नाही तर विचारा. मग टायरमधली हवा: तुम्ही चालवता तेवढीच, चारही चाकांत. पेट्रोल अर्धी टाकी. चालकाच्या जागी चालक, किंवा त्याच्या वजनाच्या पिशव्या. मी स्वतःच बसते, हात स्टेअरिंगवर ठेवून. एकदा शेजारच्या सीटवरचा फोन घ्यायला नुसती झुकले, तर समोरच्या पडद्यावर डावीकडचे आकडे उतरून उजवीकडचे चढलेले मेकॅनिकने मला बोटाने दाखवले. रिकाम्या गाडीचं कॉर्नर बॅलन्सिंग मला म्हणूनच पटत नाही. हजार किलोंच्या गाडीत माणूस ही सगळ्यांत मोठी सुटी वस्तू आहे.

यानंतर अँटी-रोल बारच्या लिंका सोडायच्या. हे कितीतरी ठिकाणी गाळतात. हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. त्यात आधीच पीळ बसलेला असेल तर तो स्वतःच एका चाकावरून वजन उचलून दुसऱ्यावर टाकतो, आणि तुम्ही स्प्रिंगच्या रिंगा फिरवून त्या पिळाशी भांडत बसता. सगळं झाल्यावर लिंक परत जोडताना तिची लांबी अशी लावायची की बोल्ट बोटाने आत सरकला पाहिजे. हातोडी लागली तर पीळ आहे.

रबरी बुशांचं, म्हणजे चाक धरणाऱ्या हातांच्या सांध्यांतल्या रबरांचं, असंच. खाली केलेल्या गाडीत या हातांचे बोल्ट एकदा सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळावे लागतात. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि आपल्या परीने स्प्रिंगचं काम करत राहतं. बर्फामुळे रस्त्यांवर मीठ टाकतात त्या राज्यांतून आलेल्या मियातात हे बोल्ट बुशाच्या नळीत गंजून बसलेले असतात. गाडी नेण्याआधी काही दिवस त्यांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा, नाहीतर सगळी मजुरी एका बोल्टवर जाईल.

रिंग फिरवताना एकाच कोपऱ्यावर जोर देऊ नये. एक तिरकी जोडी थोडी वर, दुसरी तेवढीच खाली, म्हणजे गाडीची उंची जिथल्या तिथे राहते. प्रत्येक फेरीनंतर गाडी दाबून सोडायची, थोडी पुढे-मागे करून परत काट्यावर आणायची, मगच आकडा वाचायचा. कारण खाली उतरवताना टायर बाजूला घासून अडकतात आणि तेवढ्यापुरतं खोटं सांगतात. क्रॉस वेट पन्नासच्या अर्ध्या टक्क्यात आलं की मी थांबा म्हणते. त्यापुढे घालवलेला तास अलाइनमेंटला द्यावा.

अलाइनमेंट नेहमी वजनानंतर. उंची बदलली की कॅम्बर (चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय; आत असेल तर उणे) आणि टो (चाकाची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय) दोन्ही बदलतात, म्हणून आधी केलेलं अलाइनमेंट काट्यावर जाताच मोडतं. काट्याआधी ढोबळ लावून घ्यावं, पक्कं मागाहून. मियातात खालच्या हातांना एक्सेंट्रिक, म्हणजे भोक मध्यावर नसलेल्या, चकत्यांचे बोल्ट आहेत, पुढेही आणि मागेही. पुढे त्याच दोन बोल्टांवर कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही लागतात, म्हणजे एक ओढलं की दुसरं हलतं. इथे घाई करणारा माणूस नको. आधी मागची चाकं, मग पुढची. पुढे आधी कॅस्टर-कॅम्बर आणि सगळ्यांत शेवटी टो, कारण आधीच्या प्रत्येक बदलाने टो हलतो.

एका टायरच्या दुकानात मला सगळे आकडे हिरवे असलेला कागद मिळाला होता. हिरवं म्हणजे कंपनीच्या मर्यादेत. पण ती मर्यादा मूळ उंचीच्या, मूळ टायरच्या गाडीची असते, आणि शिवाय ती रुंद असते. डावीकडे उणे अर्धा आणि उजवीकडे उणे दीड अंश कॅम्बर असला तरी दोन्ही हिरवे येऊ शकतात. म्हणून दुकानात जाताना आपले आकडे लिहून न्यावेत. रोज चालवून महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकवर जाणाऱ्या माझ्या गाडीला पुढे उणे अडीच, मागे उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर आहे, कॅस्टर दोन्हीकडे सारखा, पुढचा टो शून्य आणि मागे किंचित आत. इतक्या कॅम्बरने टायर खाल्ले जातील अशी भीती सगळे घालतात. टायर मुख्यतः टो खातो. टो चुकला असेल तर कॅम्बर शून्य ठेवूनही आतली कड झिजलेली सापडेल.

पैशांचं म्हणाल, तर माझं मत ठाम आहे. मोठे ब्रेक, हलकी चाकं, जाड अँटी-रोल बार यांतलं पुढचं काही घेण्याआधी आहे तेच नीट लावून घ्या. नीट न लावलेल्या गाडीवर घातलेला प्रत्येक नवा भाग नक्की काय करतो ते कळतच नाही.

आणि भाच्यासाठी. चाकणला बनलेल्या तुझ्या पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, आहे, त्यामुळे मागचा कॅम्बर-टो शिम (पातळ पत्रा) घातल्याशिवाय हलणार नाही. पण उंची बदलणारे कोइलओव्हर असतील तर तिरकी बेरीज तुझ्याही गाडीत लावता येते. चार काटे असलेलं गॅरेज जवळपास मिळेपर्यंत एवढं कर: टायरची हवा मोजून, अर्ध्या टाकीवर, स्वतः सीटवर बसून अलाइनमेंट करून घे, आणि चारही रिंगांखाली किती आटे उघडे आहेत ते मोजून वहीत लिहून ठेव. पुढे स्प्रिंग दबून खाली बसले, सीट बदललीस किंवा रिंगा हलवल्यास, तर तुला कुठून सुरुवात करायची ते माहीत असेल.