ग्रुनेवाल्डचा १७ नंबरचा फलाट

बर्लिनला जाणार असाल तर अर्धा दिवस ग्रुनेवाल्ड स्टेशनसाठी राखून ठेवा. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बर्लिनमधल्या ज्यूंना इथल्या १७ नंबरच्या फलाटावरून गाड्यांत भरून घेट्टो आणि छळछावण्यांकडे पाठवलं; आज तिथे त्यांचं स्मारक आहे. आपल्याकडच्या टूरमध्ये हे ठिकाण सहसा नसतं, आपलं आपणच जावं लागतं. झूलॉगिशर गार्टन स्टेशनहून पोट्सडामच्या बाजूची एस ७ लोकल धरली की दहा-बारा मिनिटांचा प्रवास. ए-बी झोनचं तिकीट पुरतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या.

उतरल्यावर थेट फलाट १७ गाठू नका. आधी स्टेशनाबाहेर या. चढणीच्या रस्त्याला लागून काँक्रीटची लांब भिंत आहे, पोलिश शिल्पकार कारोल ब्रोनियाटोव्स्की यांनी १९९१ मध्ये केलेली. तिच्यात माणसांच्या आकाराच्या पोकळ्या आहेत. माणसं निघून गेलीत, आकार तेवढे उरलेत.

त्याच चढणीने वर गेलं की फलाट. इथून गाडी सुटत नाही. रुळांमध्ये झाडं वाढली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत. रुळांच्या दोन्ही कडांना १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते गाव. एवढंच. जर्मन येत नसलं तरी अडत नाही.

पट्ट्या तारखेच्या क्रमाने लावल्या आहेत, तेव्हा पहिलीपासून सुरुवात करा आणि एकही न गाळता वाचत जा. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ची: हजारावर ज्यू माणसं, पोलंडमधलं लोड्झ. त्यांना भर शहरातून चालवत इथवर आणलं होतं. पुढे लॅटव्हियातलं रीगा, आजच्या चेकियातली टेरेझिएनश्टाटची छावणी, ऑशविट्झ. शेवटी शेवटी आकडे लहान होत जातात, पण थांबत नाहीत. २७ मार्च १९४५ला, रशियन फौजा बर्लिनपासून शंभर किलोमीटरच्याही आत आलेल्या असताना, १८ जणांना टेरेझिएनश्टाटला पाठवलं. मला सगळ्यात असह्य झाली ती ही पट्टी. कोणीतरी बसून त्या १८ जणांची यादी केली असणार.

बर्लिनमधून असे ५०,०००हून जास्त ज्यू नेले गेले. रेल्वे त्यांचं तिसऱ्या वर्गाचं भाडं लावत होती, किलोमीटरला ४ फेनिग (मार्कचा शंभरावा भाग म्हणजे एक फेनिग), लहान मुलांना अर्धं. हे स्मारक १९९८ मध्ये जर्मन रेल्वेनेच उभारलं, आणि ते तिनेच उभारायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं.

प्रवेश फी नाही, फाटकही नाही. उजेड असतानाच जा, अंधारात अक्षरं लागत नाहीत. लोक पट्ट्यांवर खडे, गुलाब, मेणबत्त्या ठेवून जातात, त्यांना पाय लागू देऊ नका. पट्ट्यांवर उभं राहून फोटो तर नकोच.

वेळ असेल तर त्याच एस ७ने पुढे वान्झेला जा. तिथून ११४ नंबरची बस त्या बंगल्यापाशी सोडते जिथे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला नाझी अधिकाऱ्यांची बैठक झाली होती. तोही विनामूल्य पाहता येतो. फक्त आधी ग्रुनेवाल्ड, मग वान्झे, हा क्रम मोडू नका. बैठक २० जानेवारी १९४२ची आहे. या फलाटावरून पहिली गाडी सुटून तेव्हा तीन महिने होऊन गेले होते.