चित्रांचे फोटो आणि ट्यूबलाइटचा घोळ

आज दांडिया बाजारातल्या चित्रकलेच्या क्लासमध्ये पोरांच्या पोर्टफोलिओसाठी चाळीसेक चित्रांचे फोटो. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? ट्यूबलाइट बंद करण्यात! खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की कागद एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळट दिसतो, आणि हे नंतर एडिटिंगमध्येही धड सुधारत नाही. उजेड एकाच जातीचा हवा. दोन दिवे असतील तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, २ सेकंदांचा टायमर. लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर हवी. त्याची युक्ती: चित्राच्या मध्यभागी छोटा आरसा चित्राला सपाट टेकवून धरायचा, कॅमेऱ्यातून बघताना आरशात लेन्स मधोमध दिसली की काम झालं. नाहीतर चौकोनी कागद वर निमुळता येतो. मोबाइल असेल तर वाइड लेन्स नकोच, कडा फुगतात; मागे सरकून २एक्स झूम वापरा.

६बी, ८बी पेन्सिलींचं गडद शेडिंग मात्र छळतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट चकाकतं आणि सगळ्यात काळा भाग नेमका राखाडी दिसतो. दिवे आणखी कडेला सरकवायचे. फ्रेममधलं चित्र काचेतून कधीच टिपू नका, बाहेर काढा. एचिंग (कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून घेतलेला छाप) असेल तर प्लेटच्या दाबाची खूण आणि कागदाची कड दिसू द्या, क्रॉप करू नका.

फाइलचं नाव तिथल्या तिथे: नाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. आकारात आधी उंची, मग रुंदी. ‘आयएमजी ४७३२’ कुणाचं, हे रात्री कुणालाच आठवत नाही.