पेटीतला मोर

माझी दहावीची बॅच 1992 ची. स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मी तो वाचून बाजूला ठेवला होता. ज्या टॉवेल कारखान्यात 19 वर्षं हिशेब लिहिले, तो नुकताच बंद पडला होता. मुलाने माझा बायोडेटा टाइप करायला घेतला. शिक्षण झालं, अनुभव झाला. मग त्याने विचारलं, "मम्मी, अजून काय काय येतं तुला?" मला एक ओळसुद्धा सांगता आली नाही. नोकरी गेल्याचं दुःख वेगळं. आपल्याला काही येत नाही, कधी येतच नव्हतं, हे वाटणं माणसाला आतून पोखरतं.

शाळेचा निरोप दुसऱ्यांदा आला. निदान एखादा फोटो तरी द्यावा म्हणून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. फोटो मिळाला नाही. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं प्रमाणपत्र मिळालं, श्रेणी 'अ'. आणि त्याच्याखाली घड्या घालून ठेवलेला एक ग्राफ.

आजच्या मुलांसाठी जरा सांगते. सोलापुरात आमच्या पूर्व भागात तेव्हा गल्लोगल्ली मागांचा खडखडाट असायचा. जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, विणायच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो आणि त्याखालून आडवा धागा जातो. नक्षीच्या प्रत्येक ओळीला वेगळी पट्टी. सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्यावरचा मोर आधी कुणीतरी मान मोडून, चौकटी मोजत रंगवलेला असतो.

हा मोर मी रंगवला होता, नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत. वडील मागावर कामाला होते. त्यांच्या मालकांना नवी नक्षी घाईने हवी होती आणि नेहमीचे डिझायनर आजारी होते. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी कर्तव्यभूमिती, म्हणजे मोजून-मापून आकृत्या काढणं, इतकी घोटून घेतली होती की चौकटींचं मला भय वाटलं नाही. आठ दिवस कंदिलाशेजारी बसून तो पिसारा भरला. पहिली चादर वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, घरी आणली. पण पुढे आम्ही सगळे तिला 'नानांची चादर' म्हणायला लागलो, आणि मोर कुणाचा हे माझ्याही डोक्यातून गेलं.

ती चादर अम्मा अजून पांघरते. दुपारी ती फरशीवर पसरली आणि शेजारी ग्राफ ठेवला. पिसाऱ्यातल्या डावीकडून तिसऱ्या डोळ्यात एक चौकट रंगवायची राहून गेली होती. चादरीवर तीच जागा शोधली. लाल डोळ्यात एक पांढरा ठिपका. शेजारच्या मोरातही तिथेच. त्या ओळीतल्या प्रत्येक मोरात तिथेच. त्या ठिपक्यावर बोट ठेवून मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. चूक माझी होती, म्हणजे मोर माझाच होता.

त्या संध्याकाळी एक वही घेतली. 'मी हुशार होते' असलं काही त्यात लिहायचं नाही, असं ठरवलं. काय केलं, केव्हा केलं, कुणाच्या उपयोगी पडलं, एवढंच लिहायचं. पहिल्या दिवशी तीनच ओळी झाल्या. मग वर्गातल्या मैत्रिणींना फोन केले, कारण कुणी टाकून बोललेलं मन वर्षानुवर्षं जपतं, पण आपल्या हातून झालेलं चांगलं काम बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच लक्षात राहतं. एकजण म्हणाली, "अगं, मधल्या सुट्टीत तू मला इतिहास तेलुगूतून समजावायचीस, म्हणून मी पास झाले." मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं!

दुसरीने 12 जानेवारीची आठवण काढली. 1931 मध्ये त्या दिवशी येरवड्याला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर मी आठवीत भाषण केलं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चारही नावं मी फोनवरच एका दमात म्हणून दाखवली. घरी तेलुगू बोलणारी, 'ळ' म्हणताना अडखळणारी मुलगी भर मैदानात कागद न बघता मराठीत बोलली होती. आदल्या आठवड्यात सरांनी रोज शाळा सुटल्यावर थांबवून माझ्याकडून उच्चार करून घेतले होते. तेही वहीत लिहिलं, सरांच्या उल्लेखासह.

बायोडेटात आता चार ओळी वाढल्या आहेत. एका दुकानात अर्धवेळ हिशेबाचं काम मिळालं. संध्याकाळी गल्लीतल्या दोन मुली एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीला येतात. एकीचा हात फार छान आहे.

ग्राफ शाळेच्या प्रदर्शनासाठी देत आहे. काचेखाली ठेवावा, घड्यांवर कागद विरला आहे. चादर मात्र देता येणार नाही. थंडी सुरू झाली आहे आणि अम्माला दुसरी चालत नाही.